भंगारातून लेझर कटर: काय जुनं चालतं, काय नवंच घ्यावं

गणपती जवळ आले की दुकानांतून एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांची, मखरं दिसायला लागतात. मागे जाळी, कडेनं वेलबुट्टी, कमानीवर मोर आणि कापलेल्या सगळ्या कडा सारख्याच तपकिरी. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ही मखरं जास्तच नजरेत भरतात. ती करवतीनं नाही, लेझर कटरनं कापलेली असतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. त्याच्या पुढचे दोन प्रश्न मात्र मला सतत विचारले जातात. नुसत्या उजेडानं लाकूड कापलं कसं जातं? आणि जुन्या प्रिंटरपासून घरीच असं यंत्र बनवल्याचे व्हिडिओ फिरतात, ते खरे असतात का?

खरे असतात, पण त्यांत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. या यंत्रात जे जे हलतं, ते जवळजवळ सगळं भंगारातून मिळवता येतं आणि ते मिळवण्यात फार मजा आहे. पण ज्यातून प्रकाश निघतो ते, आणि त्या प्रकाशापासून आपल्याला वाचवतं ते, जुनं घेऊ नये. अशी विभागणी का, ते कळायला थोडं मुळापासून जावं लागेल.

उजेडानं लाकूड कापतं कसं?

भिंगानं ऊन एकवटून कागद जाळायचा उद्योग लहानपणी बहुतेकांनी केलेला असतो. तिथेही जाळणारा उजेडच असतो. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट इतकं ऊन पडतं, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर वॉटचा हजारावा भाग. आता ४० वॉटचा लेझर किरण ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात एकवटला, तर त्या ठिपक्यावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२७० वॉट पडतात. उन्हाच्या साडेबारा लाख पटींहून जास्त. उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तेवढ्या जागेचं लाकूड वाफ आणि धूर होऊन उडून जातं. ठिपका पुढे सरकत राहिला की मागे बारीक फट राहते. मखराची तपकिरी कड म्हणजे या फटीची जळकी बाजू.

मग ४० वॉटचा साधा बल्ब आणि भिंग घेऊन हे का होत नाही? कारण बल्बचा उजेड सगळ्या दिशांना, वेगवेगळ्या रंगांत आणि कशाचा कशाला मेळ नसलेला असा निघतो. तो कितीही गोळा केला तरी एवढ्या बारीक ठिपक्यात मावत नाही. लेझरचा प्रकाश एका दिशेनं, एका रंगात आणि एका लयीत जातो. बाजारात शंभर माणसं एकदम बोलतात तेव्हा नुसता गलका होतो. दिंडीत शंभर टाळ एका ठेक्यावर पडले की तो आवाज पार वेशीपलीकडे पोचतो. फरक माणसांच्या संख्येत नसतो, मेळात असतो.

असा मेळ जमवता येईल याचा सैद्धांतिक पाया आइनस्टाइननं १९१७ साली घातला. पहिला लेझर प्रत्यक्ष चालला तो १९६० साली, अमेरिकेत, थिओडोर मेमननं माणकाच्या कांडीपासून बनवलेला. मखरं कापणाऱ्या लेझरची गोष्ट मात्र आपल्या बारामतीपाशी सुरू होते.

बारामतीत जन्मलेला माणूस

कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, तिथून बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर बनवला. नुसत्या कार्बन डायऑक्साइडपासून मिळालेला पहिला किरण अगदीच क्षीण होता. त्यात नायट्रोजन आणि मग हेलियम मिसळल्यावर त्याची ताकद कुठल्या कुठे गेली. आजही लाकूड, ॲक्रिलिक, चामडं कापणाऱ्या काचेच्या नळीत हेच तीन वायू असतात. पुण्यात शिकलेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

नळीत घडतं ते असं. दोन टोकांना हजारो व्होल्टचा दाब दिला की आतल्या विरळ वायूतून वीज वाहते. विजेचे कण आधी नायट्रोजनच्या रेणूंना ऊर्जा देतात. नायट्रोजन ती स्वतःकडे बराच वेळ धरून ठेवू शकतो आणि टक्कर झाली की कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला देऊन टाकतो. तो रेणू ती प्रकाशाच्या रूपात सोडतो. प्रकाश सोडून मोकळे झालेले रेणू लवकर थंडावून पुन्हा कामाला यावेत, हे बघतो हेलियम. नळीच्या दोन टोकांना आरसे असतात. त्यांच्यात प्रकाश पुढेमागे फिरत वाढत जातो आणि एका आरशातून थोडा थोडा बाहेर पडतो.

या किरणाची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या एका लाटेची लांबी, १०.६ मायक्रोमीटर असते. डोळ्याला दिसणारा लाल रंग साधारण ०.७ मायक्रोमीटरपाशी संपतो, त्यामुळे हा किरण मुळीच दिसत नाही. लाकूड, कागद, कापड, चामडं, पारदर्शक ॲक्रिलिकसुद्धा तो शोषून घेतं. उघडा धातू त्याला परतवून लावतो. म्हणून हौशी यंत्रावर पत्रा कापला जात नाही. त्याला कारखान्यातले वेगळ्या जातीचे, फायबर लेझर लागतात.

दुसरा पर्याय डायोड लेझरचा. हा एलईडीसारखाच अर्धवाहकाचा छोटा तुकडा असतो आणि कापणीसाठी बहुतेक ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतो. पातळ प्लाय, पुठ्ठा, काळं ॲक्रिलिक तो कापतो. पारदर्शक ॲक्रिलिकमधून मात्र काचेतून जावा तसा आरपार निघून जातो.

भंगारात काय शोधायचं?

या यंत्राचा सांगाडा म्हणजे एक चौकट. तिच्यावर डावीकडे-उजवीकडे आणि मागे-पुढे सरकणारं डोकं. एवढंच. ठरलेल्या जागी अचूक सरकणं हे काम तर प्रिंटर, स्कॅनर आणि झेरॉक्स मशीन वर्षानुवर्षं करत आलेली आहेत. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार असो की तालुक्याच्या गावातला भंगारवाला, ही यंत्रं वजनावर मिळतात.

माझा सगळ्यात लाडका आहे जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वखारीत, पतपेढीत, मेडिकलच्या दुकानात करकर आवाज करत पावत्या छापणारा. त्यात बहुतेक वेळा दोन दणकट स्टेपर मोटरी, एक गुळगुळीत पोलादी रॉड, दातेरी बेल्ट आणि पुली मिळते. स्टेपर मोटर म्हणजे ठरलेल्या छोट्या टप्प्यांनी फिरणारी मोटर. किती टप्पे सांगितले तेवढेच फिरणार आणि तिथे थांबणार. अलीकडचे इंकजेट प्रिंटर मात्र फसवतात. त्यांत बहुतेक साध्या डीसी मोटरी आणि जागा ओळखायला रेघांची पारदर्शक पट्टी असते. त्या आपल्या सोप्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरींना हुकूम देणाऱ्या सर्किटला, चालत नाहीत.

झेरॉक्स मशीन मिळालं तर चंगळ. जाड रॉड, ताकदवान मोटरी, चांगले बेल्ट, शिवाय झाकण उघडलं की वीज तोडणारे मायक्रोस्विच. हे स्विच जपून काढून ठेवा, पुढे लागणार आहेत. उघडण्याआधी प्लग काढून मशीन बराच वेळ पडू द्या. आत सांडलेला टोनर फुंकू नका, घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढूही नका. मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा.

मोटर चांगली की वाईट हे दुकानाच्या पायरीवरच कळतं. आधी लेबलवर १.८ अंश लिहिलंय का पाहा. एका फेरीत २०० टप्पे असा त्याचा अर्थ. मग तारा मोजा. चार तारा असतील तर उत्तम, सहा असल्या तरी दोन सोडून देऊन काम भागतं, पाच असतील तर ठेवून द्या. आता दांडा बोटांनी फिरवत फिरवत तारांची टोकं दोन-दोन करून एकमेकींना टेकवा. ज्या जोडीला दांडा एकदम जड होतो, अडकत अडकत फिरायला लागतो, त्या दोन तारा एकाच गुंडाळीच्या. अशा दोन जोड्या सापडल्या की मोटर घ्यायला हरकत नाही. मीटर लागत नाही, वीज लागत नाही. रॉड सरळ आहे का हे बघायला तो काचेवर घरंगळू द्या. वाकलेला असेल तर खाली उजेडाची फट दिसते आणि तो लंगडत जातो.

चौकटीला स्लायडिंग खिडक्यांचे जुने ॲल्युमिनियम सेक्शन झकास. जोडताना गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर पुढे चौकोन कापायला सांगितल्यावर तिरके चौकोनच हातात येतील.

बेल्ट आणि पुली एकाच यंत्रातून काढा, कारण दाते दिसायला सारखे असले तरी अंतरं वेगळी असतात. आज बाजारात मिळणाऱ्या जीटी-२ बेल्टच्या दोन दात्यांत २ मिलिमीटर अंतर असतं. प्रिंटरमध्ये बऱ्याचदा सापडणाऱ्या एमएक्सएल बेल्टमध्ये २.०३२. हा फरक नगण्य वाटतो ना? हिशेब करू. २० दात्यांची जीटी-२ पुली एका फेरीत बेल्टला ४० मिलिमीटर सरकवते. मोटरचे २०० टप्पे, ड्रायव्हर (मोटरला वीज देऊन फिरवणारं सर्किट) प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे फेरीला ३२०० भाग आणि मिलिमीटरला ८०. तोच ८० चा आकडा ठेवून एमएक्सएलची जोडी वापरली, तर १०० मिलिमीटरच्या तुकड्याऐवजी १०१.६ मिलिमीटरचा मिळेल. खाचेत खाच बसवायच्या डब्याचं वाटोळं व्हायला तेवढं पुरेसं आहे. उपाय सोपा आहे: कंट्रोलरमध्ये ८० च्या जागी ७८.७४ लिहा. जुन्या मालाला वैतागायचं नसतं. तो मोजायचा आणि त्याचा आकडा त्याला द्यायचा.

मेंदू कुठून आणायचा?

हा भाग नवा घ्या, कारण स्वस्त आहे आणि वेळ वाचतो. एक आर्डुइनो (कंट्रोलरचं काम करणारा छोटा सर्किट बोर्ड), दोन मोटर ड्रायव्हर, एक एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत सगळं मिळतं. आर्डुइनोवर ‘जीआरबीएल’ नावाचा मोफत प्रोग्रॅम चढवायचा. संगणक त्याला ओळीओळीनं हुकूम पाठवतो, त्या भाषेला जी-कोड म्हणतात. अमुक बिंदूपर्यंत मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगानं जा आणि जाताना प्रकाश ४० टक्के ठेव, इतकं ते साधं असतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. यंत्र कोपऱ्यावर वळताना हळू होतं, प्रकाश तेवढाच राहिला तर कोपरा करपतो. जीआरबीएलमध्ये लेझरसाठी वेगळी सोय आहे. ती चालू केली आणि हुकूम नीट दिला की वेग कमी होताना प्रकाशही तेवढाच कमी होतो. ‘माझे सगळे कोपरे काळे का येतात’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नका, ड्रायव्हर जळतो.

लेझर प्रिंटरमधलाच लेझर का वापरू नये?

नाव ऐकून हे सगळ्यांनाच सुचतं. पण त्या लेझरचं काम फक्त ड्रमवर अक्षरांचं चित्र उमटवायचं असतं. त्याची ताकद काही मिलिवॉट. कागदाला टोनर चिकटतो तो उष्णतेनं वितळल्यामुळे, लेझरमुळे नाही. डीव्हीडी रायटरमधला लाल डायोड याहून बरा. काळा कागद, फोम यांच्यावर तो खूण उमटवतो, पातळ असलं तर कापतोही. शिकायला ठीक, मखराला नाही.

जुन्या प्रोजेक्टरमधून निळे डायोड काढणारे हौशी जगभर आहेत. डायोड निघतात, पण ते सुटे असतात. हाताच्या स्थिर विजेनंही ते मरतात, त्यांना नेमका प्रवाह देणारं सर्किट आणि उष्णता ओढून घेणारा चांगला हीटसिंक लागतो. पहिल्या यंत्रासाठी मी हा रस्ता सुचवणार नाही.

काचेची नळी जुनी मिळत असेल तरी मोह आवरा. नळी न वापरताही म्हातारी होते, कारण आतला हेलियम काळाच्या ओघात झिरपून जातो. बाहेरून नवीकोरी दिसणारी नळी आतून संपलेली असू शकते. प्रयोगशाळेतून किंवा दवाखान्यातून भंगारात निघालेल्या लेझरबाबत तर जास्तच जपा. काही जुन्या लेझरमध्ये बेरिलियम ऑक्साइडचे पांढरे सिरॅमिक भाग असतात. ते फुटले आणि धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. आत काय आहे ते माहीत नसलेला लेझर उघडूच नका. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून नळीला लावण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. त्या ट्रान्सफॉर्मरचा झटका जीव घेतो आणि तो नळीच्या कामाचाही नाही.

जाहिरातीत ‘४० वॉट’ लिहिलंय, ते कुठले?

डायोडच्या जाहिरातीत हा घोळ फार असतो. मोठ्या अक्षरांतला आकडा पुष्कळदा यंत्र ओढत असलेल्या विजेचा असतो. बाहेर पडणारा प्रकाश ५ ते ५.५ वॉटचाच असू शकतो. विचारायचा प्रश्न एकच: प्रकाशाची ताकद किती वॉट?

नळीचा ४० वॉट हा आकडा मात्र प्रकाशाचा असतो. त्यासाठी वीज त्याच्या पाच-सहा पट लागते आणि उरलेली सगळी उष्णता होते. म्हणून नळीभोवती सतत पाणी खेळवावं लागतं, तेही डिस्टिल्ड. पंप बंद पडला तर काही मिनिटांत काच तडकू शकते, तेव्हा पाणी थांबताच नळी बंद करणारा स्विच बसवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडाव्या लागतील. कोकणातल्या पावसाळ्यात उलट: पाणी फार गार केलं तर नळीवर दव धरतं, आणि तिथे १५,००० व्होल्टच्या आसपासचा दाब असतो. घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. उच्च दाबाच्या विजेचं काम आधी कधी केलं नसेल, तर पहिलं यंत्र डायोडचंच बनवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरसे जुळवणं

नळी चौकटीला घट्ट बसवलेली असते, सरकतं फक्त डोकं. त्यामुळे किरण तीन आरशांवरून वळवत आणावा लागतो आणि शेवटी झिंक सेलेनाइडच्या भिंगातून खाली सोडावा लागतो. हे आरसे आणि भिंग नवे घ्या. झेरॉक्समधले आरसे काचेवर पातळ मुलामा दिलेले असतात, या किरणापुढे त्यांचा भरवसा नाही. इथे सोन्याचा थर दिलेले सिलिकॉनचे किंवा मॉलिब्डेनमचे आरसे लागतात.

दुसरा आरसा डोकं वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्टीवर असतो, त्यावर मास्किंग टेप लावायची. सरकती पट्टी पहिल्या आरशाजवळ आणायची आणि किरण क्षणभर सोडायचा. टेपवर बारीक तपकिरी टिकली उमटते. मग पट्टी चौकटीच्या दूरच्या टोकाला न्यायची आणि पुन्हा एक टिकली. दोन टिकल्या शेजारी शेजारी आल्या तर किरण तिरका जातोय. पहिल्या आरशाचा स्क्रू किंचित फिरवायचा, टेप बदलायची, पुन्हा जवळ, पुन्हा दूर. दोन्ही टिकल्या एकमेकींवर बसल्या की पुढचा आरसा. यात एखादी अख्खी संध्याकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी, कारण इथे राहिलेली चूक पुढे कितीही ताकद वाढवली तरी भरून निघत नाही. शेवटी टेपच्या धुराचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं अलगद पुसायचा.

गॉगल घातला की झालं ना?

नाही. डोळ्याचं भिंग डायोडचा निळा किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एकवटतं. बुबुळावर पडलेल्या किरणाची तीव्रता पडद्यापर्यंत पोचेतो सुमारे १ लाख पट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात इजा होऊन जाते आणि ती दुरुस्त होत नाही. थेट किरणच लागतो असंही नाही. स्क्रूच्या डोक्यावरून किंवा बोटातल्या अंगठीवरून परतलेला पुरतो. नळीचा अदृश्य किरण पडद्यापर्यंत जात नाही, पण डोळ्याची पुढची पारदर्शक त्वचा भाजतो.

गॉगल लागतोच, पण आपल्या किरणाच्या तरंगलांबीचा. त्यावर ‘ओडी’ हा आकडा असतो: प्रत्येक अंकाला प्रकाश दहापट कमी होतो, म्हणजे ओडी ६ असेल तर १० लाखांतला एकच भाग आत येतो. यंत्राबरोबर फुकट येणाऱ्या, काहीच न लिहिलेल्या हिरव्या चष्म्यावर डोळे सोपवू नका. आणि गॉगल घातलेला असतो तुम्ही. दारातून डोकावणाऱ्या मुलानं घातलेला नसतो. म्हणून खरं संरक्षण बंद पेटीचं. झेरॉक्समधून काढलेले मायक्रोस्विच इथे लागतात: झाकण उघडलं की किरण बंद. नळीच्या यंत्राला झाकणावर पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी चालते, कारण विखुरलेला किरण ते शोषतं. डायोडच्या यंत्राला तीच खिडकी म्हणजे उघडं दार.

धूर, आग आणि रेक्झिन

एमडीएफच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. संगणकातला पंखा या धुराला पुरत नाही, दमदार ब्लोअर आणि जाड पाइप लागतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर तो पाइप शेजाऱ्यांच्या गॅलरीत सुटत नाही ना, ते आधी बघा. कापण्याच्या जागी मत्स्यालयाच्या पंपाची हवा सोडली की ज्योत धरत नाही आणि कडाही स्वच्छ येते. तरीही यंत्र चालू ठेवून चहा घ्यायला जाऊ नका. छोटं अग्निशामक हाताशी असू द्या.

पीव्हीसी कधीही कापू नका. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेलं पीव्हीसीच. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांनाही खातो आणि आपण जमवलेले रॉड-बेअरिंगही गंजवतो. शंका असेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार ज्योतीत लाल करा, त्या प्लॅस्टिकला टेकवा, तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असं समजा आणि तो तुकडा बाजूला ठेवा.

मग तयार यंत्रच का घेऊ नये?

फक्त वस्तू कापायच्या असतील तर जरूर घ्या. गॉगल, पेटी, ब्लोअर आणि प्रकाशाचे भाग नवे घेतल्यावर भंगारातून होणारी बचत वाटते तेवढी राहत नाही. स्वतः बनवलेल्या यंत्रातून मिळतं ते वेगळं. बिघडलं की कुठे बघायचं ते कळतं. आणि दहावी-बारावीच्या मुलाला टप्पे, पुली, कर्ण, तरंगलांबी हे शब्द पुस्तकाबाहेर भेटतात. कामाला लागण्याआधी चालतं यंत्र एकदा जवळून पाहा. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालापासून फॅब लॅब आहे; आता काही इंजिनिअरिंग कॉलेजांतही अशा कार्यशाळा आहेत.

यंत्र उभं राहिलं की पहिल्याच दिवशी मखर कापायला घेऊ नका. तीन मिलिमीटर एमडीएफच्या तुकड्यावर छोट्या चौकोनांची जाळी कापा: आडव्या ओळीत वेग वाढत जाईल, उभ्या ओळीत ताकद. जे चौकोन आपोआप खाली पडले त्यांतला सगळ्यात कमी करपलेला निवडा आणि त्याचा वेग-ताकद त्या तुकड्याच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. दुकानदार बदलला की जाळी पुन्हा कापा, कारण दुसऱ्या एमडीएफचा डिंक वेगळा असतो आणि जुना आकडा त्याला लागू पडेलच असं नाही.